पुढील फाट्यावर विचारावे

उमरग्यात विमान उतरत नाही. त्यामुळे विमानांविषयीची आमची मतं अत्यंत निःपक्षपाती आहेत. ज्या गावात रेल्वेचं स्टेशन असतं, त्या गावचा माणूस रेल्वेबद्दल तटस्थपणे बोलू शकत नाही. त्याची एक तरी गाडी चुकलेली असते. आमच्या गावाला रेल्वेही नाही. तेव्हा वाहतुकीच्या दोन प्रमुख साधनांबद्दल आम्ही अगदी निर्मळ मनानं बोलू शकतो. आमच्याकडे आहे तो एक रस्ता. सोलापूरहून हैदराबादला जाणारा. पूर्वी त्याला नऊ नंबर म्हणायचे, आता पासष्ट नंबर म्हणतात. नंबर वाढला, रुंदी वाढली, टोलनाके वाढले. गाव मात्र जिथल्या तिथं आहे, आणि ही गोष्ट पुढच्या विवेचनाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे.

विमानं उतरत नसली तरी डोक्यावरून जातात. नकाशा पसरून मुंबईच्या विमानतळापासून हैदराबादच्या विमानतळापर्यंत फूटपट्टीनं रेघ ओढा. ती जवळजवळ उमरग्याच्या माथ्यावरून जाते. मोठमोठ्या योजना आमच्या डोक्यावरून जाण्याची आम्हाला सवय आहेच, त्यात ही एक.

पण विमान नसलं म्हणून पायलट नाहीत असं समजू नका. पायलट आहेत, आणि तेही तीन जातींचे. पहिला, आमच्या बहिणीचा मुलगा. तो खराखुरा विमान चालवायला शिकून आला आहे. दुसरा, मंत्र्यांच्या ताफ्यात पुढं पळणाऱ्या गाडीतला पायलट. हा निवडणुकीच्या सुमारास आढळतो. आणि तिसरा, १०८ नंबरच्या रुग्णवाहिकेचा चालक. त्याला सरकारी भाषेत ड्रायव्हर म्हणत नाहीत, पायलट म्हणतात. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी, आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यात पायलट ही बारा महिने दिसणारी चीज झाली.

या तिघांच्या हाताशी एक समान वस्तू असते. उपग्रहाकडून विचारून आपण कुठं आहोत ते सांगणारं यंत्र. ज्याला सगळे जीपीएस म्हणतात. विमानवाल्यांसाठी खास हातात मावणारे संच निघतात, त्यांत दरवर्षी काही ना काही नवी सोय घातलेली असते, आणि त्या सोयींवर वैमानिक मंडळी जी मतं व्यक्त करतात ती भाचा आम्हाला जेवताना वाचून दाखवतो. ती ऐकून ऐकून त्यांची समीक्षा करावी असं आमच्या मनात आलं. आम्ही या यंत्रांतले तज्ज्ञ नाही. परंतु ज्याची समीक्षा करायची ते स्वतःला करता आलं पाहिजे, अशी अट मराठी समीक्षेनं कधी घातल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

प्रथम पूर्वपीठिका. समीक्षेत ती लागते, नाहीतर लेख छोटा होतो. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरलं आणि तिथल्या लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की आपल्या लष्करासाठी उभी राहात असलेली ही उपग्रहांची व्यवस्था तयार झाली की नागरी विमानांनाही वापरू देऊ. १९९५ साली ती पूर्णपणे चालू झाली. मात्र देताना हात राखून दिली. सामान्य माणसाच्या यंत्रात मुद्दाम शंभरेक मीटरची चूक मिसळलेली असे. शंभर मीटरची चूक म्हणजे आमच्याकडे वऱ्हाड शेजारच्या मांडवात जेवून येण्याइतकी. मे २००० मध्ये ही भेसळ बंद झाली आणि मग यंत्रांचं पीक आलं. १९८९ साली गॅरी आणि मिन या दोन गृहस्थांनी आपली नावं जोडून काढलेली गार्मिन ही कंपनी त्यात पुढं होती. आपल्याकडे दोन भावांच्या नावानं पाटी लावलेलं दुकान दहा वर्षांत वाटण्या होऊन दोन दुकानांत जातं. हे एकत्र राहिले म्हणून जगभर पसरले, असं आमच्या घरचं मत आहे.

आता सोयी आणि त्यांवरचे अभिप्राय.

पहिली सोय, डोंगर दाखवणारी. तुमच्या उंचीच्या शंभर फुटांच्या आतबाहेर आलेली जमीन लाल दिसते, हजार फुटांच्या आतली पिवळी. या सोयीबद्दल वैमानिकांत मतभेद नाहीत. ढगात सापडल्यावर समोर डोंगर आहे की नाही, यावर नवमतवादी आणि परंपरावादी असे दोन तट पडू शकत नाहीत. पडले तर त्यांतला एक फार काळ टिकत नाही. ज्या सोयीवर वाद होत नाही ती चांगली, असा पहिला सिद्धांत इथं मांडून ठेवतो.

दुसरी सोय, हवामानाची. २००५ च्या सुमारास अमेरिकेत या हातातल्या यंत्रावर ढगांचं रंगीत चित्र उपग्रहावरून यायला लागलं. वैमानिक खूश. पाऊस कुठं पडतोय ते बसल्या जागी दिसतं म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? आमच्याकडे तर मृगापासून प्रत्येक माणूस त्याच एका चित्राकडे डोळे लावून असतो. पण मग त्यांच्या अपघात तपासणाऱ्या मंडळानं २०१२ साली इशारा दिला. चित्रावर 'एक मिनिटापूर्वीचे' असं लिहिलेलं असलं तरी आतला ढग पंधरावीस मिनिटांपूर्वीचा असू शकतो, आणि या घोटाळ्यात माणसं दगावली आहेत. मिनिट बरोबर होतं, पण ते चित्र जुळवून झाल्यापासूनचं. ढग कधी टिपला, हे त्यात धरलेलंच नव्हतं. आम्ही हे ऐकलं आणि आम्हाला तालुक्याच्या कचेरीतल्या दाखल्यांची आठवण झाली. त्यांच्यावरची तारीख नेहमी आजची असते. आतला मजकूर कधीचा आहे हे विचारायची पद्धत नाही.

तिसरी सोय, बटणं काढून टाकण्याची. हिला सोय का म्हणावं हा प्रश्न आहे. पूर्वीच्या यंत्रांना खुंट्या आणि बटणं असत. २०१० नंतर काचेवर बोट फिरवायची पद्धत आली. इथं मात्र दोन तट आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. काचवाले म्हणतात, नकाशा बोटानं ओढता येतो, अक्षरं पटकन लिहिता येतात. बटणवाले म्हणतात, "हवेत खड्डे लागल्यावर बोट ठेवायचं कुठं?"

आमचा भाचा बटणवाला आहे. "मामा, विमान हलायला लागलं की बोट सोलापूरवर ठेवायला जावं, आणि ते पडतं विजापूरवर," तो म्हणतो. "बटण अंधारात हाताला लागतं. काच लागत नाही. काच डोळ्यांनी शोधावी लागते, आणि तेव्हा डोळे बाहेर पाहिजे असतात." आम्हाला हे पटलं. घरात टीव्हीचा रिमोट आम्ही अंधारात चालवतो; नव्या पद्धतीची काचेची शेगडी मात्र सौ. चष्मा लावल्याशिवाय पेटवू शकत नाही. बोटांना स्वतःची स्मरणशक्ती असते आणि यंत्र करणारे ती जमेस धरत नाहीत. तेव्हा दुसरा सिद्धांत असा की सोय दुकानात हातात घेऊन पाहू नये. जिथं ती लागणार आहे तिथल्या धक्क्यांत पाहावी.

याच तटाच्या पोटात एक उपतट आहे, उन्हाचा. वैमानिकांनी २०१० पासून पाटीएवढे संगणक मांडीवर घेऊन त्यांत नकाशे भरायला सुरुवात केली. चित्र मोठं, किंमत कमी, सगळे आनंदात. मग उन्हाळा आला. काचेमागं ठेवलेली ती पाटी तापली आणि 'मला गरम होतंय, मी थंड झाल्यावर बोलू' अशा अर्थाचा मजकूर दाखवून बंद पडली. हा अभिप्राय वाचताना आम्ही मान डोलावली. उमरग्यात मे महिन्यात माणसंसुद्धा हाच मजकूर दाखवतात. पण माणूस दुपारी बारा ते चार बंद पडला तर चालतं, कारण त्या वेळात इतर सगळेही बंद असतात. विमान तेवढ्यापुरतं झाडाखाली लावता येत नाही.

चौथी सोय आम्हाला सर्वांत आवडली. विमान जमिनीवर असताना विमानतळाच्या आवारात आपण कुठं आहोत ते दाखवणारी. २००६ च्या यंत्रात ती होती. आधी आम्ही हसलो. आकाशात हजारो किलोमीटर बिनचूक येऊन माणूस फाटकाशी हरवतो म्हणजे काय? मग भाच्यानं सांगितलं की मोठ्या विमानतळावर चुकून भलत्या धावपट्टीत शिरणं हा फार जीवघेणा प्रकार आहे. आणि विचार केल्यावर आम्हाला ते उमगलं. मुंबईहून उमरग्याला बिनबोभाट आलेला पाहुणा आमचं घर शोधत गल्लीत अर्धा तास फिरतो. प्रवासातला सगळ्यात अवघड भाग शेवटचा. हा तिसरा सिद्धांत, आणि पुढं आम्ही त्याच्याच आधारानं बोलणार आहोत.

बाकीच्या अभिप्रायांतला मोठा हिस्सा पैशांच्या कुरकुरीचा आहे. विमानांचे नकाशे आणि विमानतळांची माहिती जगभर दर अठ्ठावीस दिवसांनी नवी होते. ती यंत्रात भरून घ्यायला वर्गणी पडते. वैमानिक म्हणतात, यंत्र एकदा घेतलं आणि मग आयुष्यभर हप्ते भरतोय. तक्रार रास्त आहे. पण आम्ही समीक्षक म्हणून इथं वैमानिकांच्या विरुद्ध मत नोंदवतो. अठ्ठावीस दिवसांनी कोणीतरी नेमून दिलेला माणूस हा नकाशा तपासतो, आणि चूक निघाली तर ती कोणाची हे ठरलेलं असतं. आमच्या रस्त्यांचा नकाशा फोनवर फुकट मिळतो. फुकट नकाशाच्या चुकीला बाप नसतो.

ही थट्टा नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री फोनचा नकाशा पाहात निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. नकाशावर पूल होता, वर पाणी होतं. एक माणूस बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार नदीत पडली, तिघं गेले. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एक बाई पुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्यानं थेट खाडीत गेल्या. सागरी पोलिसांनी त्यांना वाचवलं. यंत्राला पूल आहे हे माहीत असतं, तो पुरा आहे का, कोरडा आहे का, हे माहीत असेलच असं नाही. विमानाच्या यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात स्पष्ट बजावलेलं असतं की हे केवळ मदतीला आहे, याच्यावरच विसंबू नका. आपल्यावर विसंबू नका असं स्वतःहून सांगणारी वस्तू आम्हाला फार भरवशाची वाटते. माणसांत हा गुण दुर्मिळ आहे.

इथं जुन्या वळणाची मंडळी नेहमीप्रमाणे उठून उभी राहतील आणि जे. आर. डी. टाटांचं नाव घेतील. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला एकट्यानं विमान आणलं. रेडिओ नाही, वाट दाखवणारं यंत्र नाही. डोळ्यांना गॉगल आणि हाताशी हिशेबाची सरकपट्टी. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तो प्रवास पुन्हा करून दाखवला. त्यांच्यापुढं आम्ही नम्र आहोत. पण त्या काळचे वैमानिक खाली रेल्वेचे रूळ, नद्या, समुद्रकिनारा बघत वाट काढत, हेही लक्षात घ्या. त्या पद्धतीनं उमरगा कोणाला सापडलं असतं? आमच्याकडे रूळही नाहीत, किनारा तर नाहीच. म्हणून 'पूर्वीचं तेच खरं' या पंथाला उमरग्याचा पाठिंबा मिळणार नाही. पूर्वीच्यांना आम्ही दिसलोच नसतो.

आता दुसऱ्या जातीच्या पायलटचं मत. मंत्र्यांच्या ताफ्यातल्या पायलटला मी एकदा चहाच्या हॉटेलात गाठून विचारलं की तुम्ही नकाशा कुठला वापरता? तो म्हणाला, "नकाशा कशाला लागतो? ज्या बाजूनं पोलीस उभे आहेत ती वाट." हे मत आम्ही इथं निव्वळ पूर्णतेसाठी नोंदवत आहोत. ज्याच्यासाठी सगळा रस्ता मोकळा केलेला असतो, त्यानं रस्त्यावर अभिप्राय देऊ नये.

राहिला तिसरा. माझ्या दृष्टीनं तालुक्यातला सगळ्यात अधिकारी समीक्षक हाच. कारण त्याची परीक्षा मिनिटांवर होते आणि निकाल घरच्यांच्या तोंडावर लागतो.

उमरग्याच्या एखाद्या शेतातून तुम्ही १०८ फिरवलात की फोन वाजतो पुण्यात, औंधला. तिथल्या माणसाला तुम्ही सांगायचं की कुठं आहात. तो जवळच्या गाडीला कळवणार. म्हणजे आमच्या बांधावरची हकीगत आधी औंधला जाऊन येते आणि मग दवाखान्याजवळ उभ्या असलेल्या गाडीला समजते. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गाड्या कुठं आहेत हे औंधला पडद्यावर दिसतं, आणि त्यामुळे मोकळी गाडी सापडते. गाडी सापडण्याचं काम यंत्र चोख करतं. प्रश्न उरतो रोगी सापडण्याचा.

"सर, बाई चांगलं बोलालीय, त्यात वाद न्हाई," पायलट मला म्हणाला. बाई म्हणजे फोनमधली, डावीकडे वळा उजवीकडे वळा सांगणारी. "पर तिला कट म्हाईत न्हाई." मोठ्या रस्त्याला मधे डिव्हायडर आला. तो ओलांडायला जिथं वाट ठेवली आहे तो कट. ढाबेवाले एक कट रात्रीतून पाडतात, रस्तेवाले तो बुजवतात. बाई सांगते, उजवीकडे वळा. उजवीकडे लोखंडी कठडा असतो. पुढं दोनतीन किलोमीटर जाऊन परत यायचं. "आपल्याला जुनं ठाऊक असतं म्हणून आपण जालालाव. नवा माणूस तिथंच बाईशी भांडत बसतोय."

मग नावं. आमच्या तालुक्यात मुरूम नावाचं चांगलं बाजारपेठेचं गाव आहे. रस्त्यावर टाकतात तोही मुरूमच. "मुरूमच्या रस्त्यानं या," असं कोणी सांगितलं तर ते गावाबद्दल आहे की रस्त्याच्या प्रकृतीबद्दल, हे माणसाला आवाजावरून कळतं. चिंचोली, वडगाव, पिंपळगाव ही नावं तर मराठवाड्यात तालुक्यागणिक मुक्त हस्तानं वाटलेली आहेत. आमच्या गावाला इंग्रजीत कोणी उमरगा लिहितं, कोणी ओमेर्गा. तलमोडच्या पुढं कर्नाटक. तिथला शेतकरी अर्धं मराठी, अर्धं कानडी, मधे हैदराबादी हिंदी अशा मिश्रणात पत्ता सांगतो. आपल्या पायलटला ते सगळं कळतं. बाईच्या सेटिंगात भाषा एका वेळी एकच.

आणि याहून गंभीर एक गोष्ट त्यानं सांगितली, ती ऐकून मी चहा खाली ठेवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण सास्तूरसारखी आमच्या बाजूची गावंही तेव्हा मातीला मिळाली. आजचा लोहारा तालुका त्या वेळी उमरग्यातच होता. पुढं लातूर-उस्मानाबाद मिळून बावन्न गावं जागा बदलून नव्यानं वसवली गेली. नाव तेच ठेवलं, जागा दुसरी. जुन्या जागी शेतं आहेत, देवळं आहेत, आखाडे आहेत, आणि शेतात राहणारी माणसंही आहेत. "फोन आला की मी पहिलं इचारतो, जुनं का नवं?" पायलट म्हणाला. "हे बाई इचारत न्हाई."

तीन शब्दांचा प्रश्न आहे. पण तो विचारायला १९९३ माहीत असावं लागतं. अठ्ठावीस दिवसांनी नवा होणारा नकाशा त्याच्याजवळ नाही. तीस वर्षं जुनी आठवण आहे, आणि ती त्यानं आपल्या आईकडून घेतलेली आहे. कारण भूकंप झाला तेव्हा तो पाळण्यात होता.

मी विचारलं, "मग तुमच्या मते या यंत्रातली सगळ्यात चांगली सोय कुठली?"

त्यानं विचार केला. त्याला एक रात्र आठवली. पावसाळ्याची. एका वस्तीवर बाईला साप चावला होता. वस्ती मोठ्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत, काळ्या मातीची पाणंद, सोयाबीन कमरेएवढं, लाईट गेलेली. फोनवर निळा ठिपका शेताच्या मधोमध उभा राहून चमकत होता, आणि बाई म्हणत होती, आपण पोहोचला आहात. "सर, मी पोचलो होतो. पेशंट न्हवता." मग त्यानं वस्तीवर फोन लावला आणि नेहमीचं वाक्य सांगितलं. "एक पोरगं बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा." दहा वर्षांचं पोरगं बॅटरी घेऊन चिखलातून फाट्यापर्यंत पळत आलं, गाडीच्या पुढं पळत राहिलं आणि बांधाच्या कुठल्या अंगानं चाक घालायचं ते दाखवत गेलं. बाई वाचली. म्हणजे वस्तीवरची. फोनमधल्या बाईला काही झालं नव्हतं.

"तेच," पायलट म्हणाला. "पोरगं."

विमानाच्या यंत्रावर एक बटण असतं, त्यावर बाण काढलेला असतो. ते दाबलं की 'इथून सरळ तिकडे' अशी रेघ मिळते. दुसरं एक बटण असतं, जवळात जवळचा विमानतळ दाखवणारं. इंजिन बंद पडलं तर ते कामाला येतं. नव्या यंत्रात त्या वेळी विमान घरंगळत कुठवर पोचेल त्याचं वर्तुळही येतं. शेकडो सोयी असल्या तरी अडचणीच्या वेळी हात या दोन बटणांवरच जातो, असं म्हणणारे वैमानिक पुष्कळ आहेत. त्यांचं बरोबर आहे. आकाशात बांध नसतात, वाटेत कोणाचं सोयाबीन नसतं, भाऊबंदकीत बंद केलेली पाणंद नसते. सरळ रेघ आकाशात खरी असते. जमिनीवर उतरली की ती खोटी व्हायला लागते, आणि शेवटच्या चार किलोमीटरांत पूर्ण खोटी होते. वैमानिकांच्या मतांवरून जमिनीवरच्या यंत्रांची पारख करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला नाही, आणि यंत्रं विकणारे तो ध्यानात आणून देत नाहीत. आमची मुख्य टीका ही आहे.

यावर उपाय निघत आहेत, हेही सांगितलं पाहिजे. एकांगी समीक्षा आम्हाला मान्य नाही. विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून गगन नावाची व्यवस्था उभारली. उपग्रहाच्या सांगण्यातली चूक ती दुरुस्त करते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एक प्रवासी विमान तिच्या आधारानं उतरलं. टपाल खात्यानं २०२५ साली डिजिपिन काढला. देशातल्या सुमारे चार मीटर बाय चार मीटर तुकड्याला दहा अक्षरांचा स्वतंत्र पत्ता. म्हणजे आमच्या गोठ्याला एक पत्ता आणि म्हशीनं तोंड फिरवलं की दुसरा. कल्पना उत्तम आहे. फक्त साप चावलेल्या बाईच्या नवऱ्याला ती दहा अक्षरं अंधारात आठवली पाहिजेत. आणि उलट दिशेनं, आकाशातही आता उपग्रहाचा आवाज काढून विमानांना फसवण्याचे प्रकार व्हायला लागले आहेत. आपल्या नागरी विमान खात्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबद्दल विमान कंपन्यांसाठी सूचना काढल्या. तेव्हा भाच्याच्या पिढीलाही कधी ना कधी खिडकीतून खाली बघावंच लागणार. बघितल्यास उमरगा दिसेल. हा एक फायदा.

भाच्याला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, मग तुमच्या मते नवीन यंत्रात काय पाहिजे?"

मी त्याला आमची मागणी लिहून दिली. काचेवर नको, बटण पाहिजे. मोठं, अंधारात हाताला लागणारं. रुग्णवाहिका मोठा रस्ता सोडून आत वळली की बाईनं आपण पोहोचला आहात असं म्हणू नये. तिनं त्या शेतावरचा फोन आपण होऊन लावावा आणि म्हणावं, "इथून पुढचं मला माहीत नाही. पोराला फाट्यावर पाठवा." तेवढं म्हणून तिनं गप्प बसावं.

भाच्यानं कागद वाचला. म्हणाला, "मामा, असं कबूल करणारं यंत्र कोण विकत घेईल?"

१०८ चा पायलट तिथंच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "मी घेतो की. वर्गणी किती?"